अठ्ठावीस सेकंद

"आकडा अठ्ठावीसवर गेलाय सर, आणि तुम्ही प्लाझ्मा नको म्हणता?"

डॉ. शार्दूल नाडगौडा सुवर्णपदक घेऊन त्या सरकारी इस्पितळात आला होता. विचारत होता आपल्या गुरूंना, वृद्ध डॉ. मुजावरांना.

खाटेवर रत्नाव्वा. मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी, तिशीची. दूषित पाण्यानं कावीळ झालेली. तपासणीत निरोगी माणसाचं रक्त तेरा सेकंदांत गोठतं. तिला अठ्ठावीस लागत होते. व्हिटॅमिन के देऊनही आकडा हलला नव्हता.

मुजावर खाटेच्या कडेला टेकले. तिच्या हिरड्या पाहिल्या. सुई टोचलेल्या जागेवरचा कापूस उचलला. कोरडा होता.

"रत्नाव्वा, आज वार कुठला?"

"बेस्तरवार की. का वो, इसरलासा?"

मुजावर हसले. मग शार्दूलकडे वळले.

"रक्त गोठवणारे घटक बनवतं कोण?"

"यकृत."

"त्यातला सातवा किती टिकतो?"

"पाच-सहा तास."

"म्हणजे आत्ता तिच्या रक्तात आहे तो..."

"तिच्या यकृतानं आजच बनवलेला."

"आणि प्लाझ्माची पिशवी चढवल्यावर?"



"आकडा उतरेल," तो हळूच म्हणाला. "पण तो रक्तदात्याच्या घटकांमुळे."

"मग तिचं यकृत सावरतंय की बुडतंय, कुणाला विचारशील?"

"पण रक्तस्राव झाला तर?"

"पिशवी तयार ठेव. रक्त दिसलं तर मला विचारायलाही थांबू नकोस. तोवर इथं बस. बोलत राहा तिच्याशी. ती बरळायला लागली, तर यकृत बुडतंय समज; लगेच हाक मार."

शार्दूल बसला. रुग्णाजवळ असा तो कधीच बसला नव्हता. तुटलेला धागा दोन बोटांत कसा जोडायचा, ते रत्नाव्वानं त्याला शिकवलं. त्याला जमेना. ती हसली.

संध्याकाळी आकडा तीस.

त्याचा हात पिशवीकडे गेला... त्यानं पुन्हा हिरड्या पाहिल्या. कोरड्या. वार विचारला.

"अजून बेस्तरवारच हाय," ती वैतागून म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी चोवीस. तिसऱ्या दिवशी एकोणीस, आणि रत्नाव्वानं भाकरी मागितली.

शार्दूल कागद घेऊन मुजावरांच्या खोलीत धावतच शिरला. "सर, तुमचंच खरं ठरलं! अभिनंदन!"

मुजावरांनी कागद हातात घेतला नाही.

"माझं कशाला?" ते म्हणाले. "जिनं काम केलं, तिला सांगून ये."