कुसळवाडीची पाचखोडी

कुसळवाडीच्या माळावर एक निलगिरी आहे. तिला एक बुंधा नाही. जमिनीतूनच पाच खोडं वर आली आहेत. वनखात्याची माणसं सांगतात, कोरड्या मुलखातली ही जातच अशी, बुडापासून फुटणारी. गावातले भिवाआबा पाहुण्यांसमोर ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "आसंल. पण आधी ती एकखोडी हुती."

फार पूर्वी, असे सांगतात, ठकूबाई नावाच्या धनगरणीची तान्ही लेक या माळावर गेली. तिला पुरलं त्या जागी ठकूबाईने कुठल्याशा बंगल्याच्या माळ्याकडून मागून आणलेलं हे रोप लावलं. दिवाळी झाली की धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. निघताना ती गेनू सुताराला सांगायची, "दादा, माझ्या लेकीकडं बघ रं."

"बघतो की. पळून जातीय व्हय ती?" तो हसायचा. आठ वर्षं त्याने बघितलं, म्हणे.

नवव्या वर्षी ती कोकणात असताना विहीर आटली. झाडच पाणी पितंय, ते तोड, असं गाव गेनूला म्हणू लागलं. गेनू म्हणाला, "ठकूबाई येऊ द्या. तिला इचारू."

"तवर आम्ही काय दगडं चाटू?" पारावरचा एक जण म्हणाला. "आन् कुऱ्हाड तुझी हाय का तुझ्या बायकूची?"

सगळीकडे हशा पिकला. गेनू गावाच्या रागाला भ्याला नसता. त्या हशाला भ्याला. झाड पडलं. विहिरीला थेंबभरही पाणी वाढलं नाही.

ठकूबाई परतली आणि बुडख्यापाशी बसली. गेनूने तिचे पाय धरले. ती एवढंच म्हणाली, "एक बार इचारायचं हुतंस, दादा. मी न्हाई म्हटली नसती."

तिने मेंढरं वळवली. त्या वाटेने ती पुन्हा कधीच आली नाही. गेनू घरचं पिण्याचं पाणी बुडख्याला घालत राहिला. त्यातून पाच कोंब फुटले. ते दाखवायला तो दर साली वाटेवर उभा राहायचा. तसाच वाट बघत गेला, म्हणे.

आजही धनगर कोकणात असताना कुसळवाडीत कुठल्याच झाडाला कुऱ्हाड लागत नाही. पहिला कळप दिसला की सुताराच्या घरातला कर्ता माणूस अनवाणी सामोरा जातो आणि माळाकडे हात करून विचारतो, "तोडू का?"

धनगर सांगतात, "आमी कोण? लावली तिला इचारा."

तो मान खाली घालून परत येतो.