बेलोचा धूर

सॅक खाली ठेवा मंडळी, आणि बसा. या काळ्या दगडांच्या ओट्यावरून धूर निघतोय, तोवर समोरच्या उतारावर पाऊल टाकायचं नाही. तुमच्या सह्याद्रीत घाटवाट असते, तशी इथे हिमालयात ही आमची वाट. पण चैत्रातल्या बर्फाचं काही खरं नसतं. रात्री कडक गोठला, तर ऊन चढेपर्यंत वाट देतो. रात्री आभाळ राहिलं की आतून पाझरतो, आणि मग उतारच्या उतार सुटून दरीत जातो.

फार पूर्वी, असं सांगतात, इथे बेलो नावाची बाई राहायची. तिचा नवरा सहणू मेंढपाळ. हिवाळ्याआधी तो मेंढरं घेऊन खालच्या मुलखात उतरायचा, आणि चैत्रात याच उतारावरून परतायचा. मधला अख्खा हिवाळा बेलो एकटी. ना मूल, ना सासू. बर्फानं दार बुजलं की माणसाचा आवाज म्हणून कानावर पडायचा नाही. चुलीशी बोलायची म्हणे, आणि चूल विझली की तिच्यावर रुसायची.

गावानं उताराची राखण तिच्याकडे दिली होती. पहाटे बर्फात काठी खुपसायची. टक्क वाजली तर वाट मोकळी. आत गेली तर ओला पाला जाळून धूर करायचा. धूर दिसला की पलीकडचे लोक थांबत.

त्या वर्षी सहणू पलीकडे येऊन पोचला आणि आभाळ काही हटेना. रोज काठी आत जायची, रोज बेलो धूर करायची. पलीकडे त्याची शेकोटी दिसायची. हाक मात्र पोचायची नाही. सगळा हिवाळा सोसला होता बाईनं, पण हे नुसतं दिसणं तिला सोसवेना.

एका पहाटे काठी जराशी अडली आणि आत गेली. बेलोनं ती उपसली, बाजूला दगडाआड, जिथे बर्फ कायम कडकच राहतो, तिथे खुपसली. टक्क! "वाजली की गं बाई!" ती स्वतःलाच म्हणाली. पाला तसाच ठेवला, आणि घरी जाऊन दोघांपुरतं पीठ मळलं.

धूर नाही म्हणून सहणू निघाला. मेंढरं पुढे, तो मागे. बेलो ओट्यावर येऊन उभी राहिली. तो मधोमध आला आणि वर बर्फाला भेग पडली. फारसा आवाजही झाला नाही, म्हणतात. मेंढरं गेली, सहणू गेला. घरात पीठ मळलेलं तसंच राहिलं.

गावानं तिला बोल लावला नाही. नवा राखणदार नेमायला पंच बसले, तेव्हा तीच पुढे आली. म्हणाली, "काठी खोटं बोलली नाही. मला तो हवा होता, म्हणून मला हवं तेच ऐकू आलं. आता पलीकडून माझं कुणी यायचं नाही. काठी माझ्याकडेच राहू द्या." मरेपर्यंत तिनं राखण केली. त्या काळात या उतारावर एक कोकरूही दगावलं नाही.

आजही रीत तीच आहे. ज्याचं माणूस पलीकडून यायचं असेल, त्याच्या हाती ही काठी द्यायची नाही. हो, हीच. माझा मुलगा खाली होता, तोवर मी हिला कधी हात लावला नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून पलीकडून माझंही कुणी यायचं राहिलं नाही, म्हणून ती माझ्याकडे आहे.

सरका जरा, पाला टाकतो. आज कुणी निघायचं नाही.