डोकं बदललं तेव्हा

आरशाखालच्या फळीवर स्टीलचा जुना रेझर आणि पाच पात्यांचा नवा रेझर शेजारी राहायचे, तेव्हाची ही गोष्ट.

नवा रोज हिणवायचा, "आजोबा, तुम्ही मालकांचा गाल कापता. आता तुम्ही भंगारात जाणार!"

एके सकाळी मालक त्र्यंबकराव गाल चोळत वैतागले, "दोघांनाही धार म्हणून राहिली नाही!" त्यांनी कचऱ्याचा डबा ओढला. फळीवर दोघे थिजले.

त्यांनी जुन्याची मूठ फिरवून बोथट पातं काढलं, नवं बसवलं. मग हात नव्याकडे वळला.

"आजोबा, मला काय करणार हो?"

"भिऊ नकोस. माझं पातं बदललं, तसं तुझं..."

कट्! नव्याचं डोकंच डब्यात पडलं.

दांड्यावर दुसरं डोकं बसलं. जुन्याकडे पाहत ते म्हणालं, "आजोबा, तुम्ही मालकांचा गाल कापता. आता तुम्ही भंगारात जाणार!"