शिमोनच्या नावाचा घास

करंजघरच्या ख्रिस्ती देवळाशेजारी हा गोल दगडी ओटा दिसतो ना, त्यावर पूर्वी धान्य साठवायची बांबूची कणगी होती. कापणीच्या सणाला खाडीपलीकडचे धारवटकर इथे जेवायला येतात, आणि पहिला घास उचलण्याआधी वाढणारी बाई प्रत्येकाचे मनगट धरते. पाहुण्यांना ते विचित्र वाटते. वाटू दे.

फिरंगी येण्याच्याही फार आधीची गोष्ट. प्रभूला मानणारी मोजकी घरे, आणि देऊळ म्हणजे झावळ्यांचा मांडव. कल्याण बंदरात गलबतातून उतरलेला मीखा नावाचा म्हातारा संदेष्टा इथे आला म्हणे. प्रार्थनेत उभा राहून म्हणाला, "दुष्काळ येतोय. रोज रांधताना मूठभर तांदूळ बाजूला काढा. आणि दारात येईल त्याला द्या."

संदेष्ट्याचा शब्द पारखून घ्यायची मंडळींची रीत होती. स्वतःसाठी काही मागितले की तो खोटा. मीखाने निघताना वाटेपुरत्या भाकरीपलीकडे काही घेतले नाही. मग कणगी बांधली आणि ती राखायला तबीथाला बसवले.

तबीथा विधवा. तिचा एकुलता एक लेक शिमोन खाडीत जाळे लावण्यावरून झालेल्या भांडणात धारवटच्या काळोजीने मारला होता, आणि प्रेत ओहोटीत लोटून दिले होते. आईला मूठमातीसुद्धा देता आली नाही. दुष्काळाचे ऐकून बाकीचे धास्तावले. तबीथाला आनंद झाला. धारवटात कोणी मूठ काढून ठेवत नव्हते. कणगीत तांदूळ टाकताना ती रोज मनात म्हणे, हा काळोजीच्या तोंडी न पडणारा घास.

पाऊस आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. धारवटात आधी गुरे मेली, मग माणसे. अखेर काळोजी नातवाला खांद्यावर घेऊन खाडी उतरून आला. तबीथा कणगीला पाठ लावून उभी राहिली. हाच दिवस बघायला ती जगली होती.

मंडळींतला वडीलधारा बर्नबा म्हणाला, "तबीथाबाय, संदेष्ट्याचा शब्द अर्धाच कसा पाळायचा?"

"माझ्या लेकाला मासे खाऊन गेले, बर्नबा."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुलाच विचारतोय."

ती कणगीपासून बाजूला झाली. मग तिने स्वतः भात शिजवला आणि काळोजीपुढे वाढला. त्याने हात घालताच तिने मनगट पकडले.

"माफ केलेलं नाही तुला. जेव. पण आधी माझ्या लेकाचं नाव घे, मला ऐकू येईल असं. तू, तुझी पोरं, त्यांची पोरं, या कणगीचं खाल तेव्हा घ्यायचं."

काळोजीने हात ओढून पाहिला. नातू भुकेने रडत होता, भात निवत होता, आणि तबीथा हात सोडत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "शिमोन." असे सांगतात, की पुढे मरेपर्यंत त्या नावावाचून काळोजीच्या घशाखाली अन्न उतरले नाही.

बाहेरचे लोक याला क्षमा म्हणतात. आम्ही म्हणत नाही. तिने देवाचा शब्द पाळला आणि सूडही घेतला, एकाच पानावर.

तबीथाचा वंश तिच्याबरोबर संपला. काळोजीचा मात्र वाढला. आजही सणाच्या पंगतीत त्याच्या वंशातले म्हातारेकोतारे आणि बोबडी पोरे शिमोनचे नाव घेतात, आणि ते नीट ऐकू आल्याशिवाय करंजघरची बाई मनगट सोडत नाही.