बालवाडीतला ऊन-पाऊस आणि कोंडिबा

एका गावात एक भोळा कोंडिबा होता. बालवाडीत मदतनीस होता. पाणी भरायचा, खिचडी शिजवायचा, लेकरांची नाकं पुसायचा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. तीच तर पंचाईत होती.

त्या आठवड्यात बालवाडीच्या शिक्षिका मंदाकिनीबाई लेकरांकडून ऊन, वारा, ढग, पाऊस असं सगळं हातानं करून घेणार होत्या. शनिवारी तालुक्याच्या मोठ्या बाई बघायला येणार. त्यांना काम पटलं नाही, तर ही बालवाडी बंद आणि लेकरं ओढ्यापलीकडच्या गावात. ते ऐकून कोंडिबा दुप्पट कामाला लागला. लेकरांवाचून त्याला करमत नसे.

सोमवारी लेकरांनी पुठ्ठ्याचे सूर्य कापले, हळदीनं रंगवले. “उन्हात वाळत घाला,” बाई म्हणाल्या. कोंडिबानं घातले ते घातलेच. दुसऱ्या दिवशी बघतात तर दवानं सगळ्या सूर्यांचा लगदा!

“अहो, ऊन गेलं की आत आणायचं असतं!”

“व्हय बाई. ध्यानात ठेवतो.”

मंगळवारी लेकरं कागदाची भिरभिरी घेऊन अंगणात पळत होती. एवढ्यात सूर्याआड ढग आला. ऊन गेलं. कोंडिबानं एकेक लेकरू काखोटीला मारलं, आत नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. वारा बाहेर, भिरभिरी आत. एक फिरेल तर शपथ!

“अहो, वाऱ्याला वाट द्यायची! दारं-खिडक्या सताड उघडायच्या!”

“व्हय बाई.”

बुधवारी ढग करायचे होते. निळ्या कागदावर कापूस चिकटवायचा. बाईंनी पिंजलेल्या कापसाचा ढीग मधोमध ठेवला. कोंडिबानं दारं-खिडक्या सताड उघडल्या. कापूस आढ्याला गेला, खिचडीत गेला, बाईंच्या अंबाड्यात गेला. चार वर्षांच्या शेवंतीला तर पांढरी दाढी फुटली.

“कोंडिबा आजा, मी म्हातारा झाले!”

बाई शिंकत शिंकत म्हणाल्या, “अहो, हलकी वस्तू उडते. तिच्यावर दगड ठेवायचा, दगड!”

“व्हय बाई.”

गुरुवारी घमेल्यांत पाणी भरून लेकरांनी कागदी होड्या सोडल्या. कोंडिबानं एक उचलून पाहिली. भलतीच हलकी. मग त्यानं होडी-होडीत एकेक दगड ठेवला. चांगला मुठीएवढा. वीस होड्या तळाला गेल्या. वीस लेकरांनी भोकाड पसरलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. “कोंडिबा, पाण्यात काही बुडताना दिसलं, की आधी ओढून काढायचं आणि पुसून कोरडं करायचं!”

“व्हय बाई. आता चुकायचा नाही.”

शुक्रवारी बाईंनी त्याला सुट्टी दिली. लेकरांनी सगळं नव्यानं केलं.

शनिवारी मोठ्या बाईंना आणायला कोंडिबा सकाळीच ओढा ओलांडून गेला. तेव्हा ओढा कोरडा होता. मग वरच्या अंगाला पाऊस झाला. मोठ्या बाई एसटीतून उतरेपर्यंत गुडघाभर पाणी आलं. त्या धीट. साडी खोचून पाण्यात उतरल्या. त्यांची पावलं दिसेनाशी झाली.

“बुडाल्या!” कोंडिबानं दंडाला धरून त्यांना मागं काठावर ओढलं आणि मुंडाशानं पाय कोरडे केले.

“अहो, मला पलीकडे जायचंय!”

“जावा की बाई. पण पाण्यात नका उतरू.”

त्या पुन्हा उतरल्या. यानं पुन्हा काढल्या. पुन्हा पुसल्या. असं सहा वेळा झालं. समोरच्या काठावर मंदाकिनीबाई लेकरांना घेऊन आल्या होत्या. त्या ओरडल्या, “कोंडिबा, सोडा त्यांना!”

“सोडलं तर बुडतील!”

मोठ्या बाई दमून दगडावर बसल्या. कागद काढला, लिहिला आणि ओढ्यापार ऐकू जाईल असा वाचला. “धडधाकट बाईला हा ओढा ओलांडता आला नाही, तिथं लेकरं काय ओलांडणार? बालवाडी आहे तिथंच राहू द्यावी.” कागद कोंडिबाच्या हातात कोंबला आणि त्या तडक एसटीकडे निघाल्या.

लेकरं नाचायला लागली. मंदाकिनीबाईंनी डोळे पुसले. “कोंडिबा, कागद घेऊन या लवकर!”

“आलो, आलो!” कोंडिबानं पाण्यात पाय घातला. पाय बुडाला. त्यानं तो झटकन ओढून काढला, पुसून कोरडा केला. मग दुसरा घातला. तोही बुडाला. तोही काढला, पुसला.

दुपार टळली. शेवंती काठावरून हाका मारत होती, “आजा, ये ना!”

“आलो गं पोरी! पण आधी मला वाचवू तर दे!”