बिनलोलकाची घंटा

येरळा नदीच्या काठी पिंपरण नावाचे लहानसे गाव आहे. तेथील सिद्धेश्वराच्या देवळात श्रीअचलनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या काळात गावाला एक गोड वळण लागले होते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ज्याने त्याने आपले स्वतःचे कवन देवापुढे म्हणावे आणि मग तो कागद पिंडीवर वाहावा. कवने पारखण्याचे काम महाराजांनी विरूपाक्षशास्त्र्यांकडे सोपविले होते. शास्त्रीबुवा छंदशास्त्रात पारंगत. एक मात्रा ढळली तरी त्यांची भुवई चढे. नापसंत कवन कर्त्याने स्वतःच्या हाताने नदीच्या डोहात सोडावे, हा नियमही त्यांचाच.

त्या वर्षी खेमा गुरवाने आपला कागद पुढे केला. खेमाच्या घराण्यात सनई-चौघडा पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण लहानपणी त्याला देवी आल्या, त्या जाताना कान घेऊन गेल्या. वाडवडिलांनी देवापुढे सूर वाहिले आणि आपले म्हणून देवाला काहीच पोचत नाही, ही सल त्याला जन्मभर होती. महाराजांनी बोट धरून त्याला धूळपाटीवर अक्षरे शिकविली, तेव्हापासून त्याला हा एकच ध्यास लागला होता.

शास्त्रीबुवांनी कागद पाहिला आणि ते चक्रावले. ओळी वरून खाली रुंदावत जाऊन अक्षरांची घंटा झाली होती:

शिवा
तुझी घंटा
सारे वाजविती
मी हात लावितो नुसता
तळव्यातून            थरथर
अंगभर            चढे देवा

"हे काय आहे?" शास्त्रीबुवा कडाडले. "ना वृत्त, ना यमक! बरे, घंटा काढलीस, तर लोलक कुठे आहे? पोटात नुसते भगदाड! बहिरा कवी आणि मुकी घंटा, जोडा झकास जमला!"

सभेत हशा पिकला. लोक हसताहेत असे पाहून खेमाही भाबडेपणाने हसला.

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, निर्णय आपलाच. मधली जागा रिकामी का, एवढे मात्र त्याला विचारा."

"चुकून राहिली असेल."

"दोन्ही ओळींत? आणि इतकी सारखी?"

शास्त्रीबुवांच्या काटेकोर बुद्धीला ही गोष्ट टोचली. त्यांनी धूळपाटीवर प्रश्न लिहिला. खेमा आपल्या सपाट आवाजात म्हणाला, "तितं काय असतं ते मला ठावं न्हाई, शास्त्रीबाबा. मला ऐकूच येत न्हाई. ठावं न्हाई ते देवाम्होरं कसं लिवू?"

"म्हणता येत नाही ते काव्य नव्हे!" असे म्हणून शास्त्रीबुवांनी डोहाकडे बोट दाखविले. खेमाचे तोंड उतरले. कागद छातीशी धरून तो घाटाच्या पायऱ्या उतरू लागला. महाराजांनी फक्त डोळे मिटले.

शास्त्रीबुवांनी आरतीसाठी घंटेचा टोल दिला. आवाज आला नाही! त्यांनी पुन्हा दिला. शिखरावरचे पारवे उडाले, बायामाणसांनी हात जोडले, सर्वांचे ओठ हलू लागले. शास्त्रीबुवांच्या कानी मात्र काहीच पडेना. "महाराज!" ते ओरडले, तो स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू आला नाही. आधारासाठी त्यांनी घंटेला हात टेकला आणि काय आश्चर्य! तळव्यातून एक थरथर उठली, कोपरातून खांद्यात गेली आणि छातीत शिरली. ह्याच ओळींना तर आपण हसलो! मग त्या रिकाम्या जागेत काय आहे? भीतीपेक्षा ह्या प्रश्नानेच त्यांना घाटाकडे ओढून नेले.

खेमा गुडघाभर पाण्यात उभा होता. "खेमा, थांब! सोडू नकोस!" पण हाक मारणाऱ्यालाही ऐकू येत नव्हते, आणि ज्याच्याकडे हाक चालली होती त्यालाही. कागद हातातून सुटला.

कोणी म्हणेल, श्रावणातल्या पाण्यात शाईचा कागद कसा टिकेल? शंका रास्त आहे; शास्त्रीबुवांच्याही मनात तीच आली. पण त्या वाहत्या पाण्यावर कागद बेलाच्या पानासारखा जागच्या जागी ठरला होता. सोवळ्यासकट पाण्यात उतरून त्यांनी तो उचलला. एक कानासुद्धा पुसला नव्हता. त्यांची नजर मधल्या रिकाम्या जागेवर खिळली. आणि तेथून, कोणी टोल न देता, नाद उमटला! अनाहत नादावर त्यांनी उभ्या आयुष्यात कितीतरी प्रवचने केली होती. ऐकला मात्र त्या क्षणी. मागोमाग पाण्याचा खळाळ कानी आला, पारव्यांचे पंख आले, आणि अगदी जवळ, खेमाचा दाबून धरलेला हुंदका.

खेमाचा हात धरून शास्त्रीबुवा ओलेत्यानेच देवळात परतले.

"पण बुवा, वाहण्याआधी म्हणायला हवं ना? हे म्हणायचं कसं?" गर्दीतून कोणी विचारले.

शास्त्रीबुवांनी कागद दोन्ही हातांनी उंच धरला आणि तोंडातून अक्षर काढले नाही. सारी सभा नुसती पाहत राहिली. मग त्यांनी तो खेमाच्या हातात दिला, आणि त्याने तो पिंडीवर वाहिला.

शास्त्रीबुवा महाराजांचे पाय धरण्यास वाकले, तसे महाराज मागे सरले. "आमच्यापाशी काय आहे? घंटा ज्याची, त्याच्याकडे जा."

शास्त्रीबुवा वळले आणि त्यांनी खेमाच्या पायांवर डोके ठेवले.

"अवो शास्त्रीबाबा, उटा, उटा! पाय चिखलानं भरल्यात माजं!"

शास्त्रीबुवा उठले, तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या भस्मावर तो चिखल लागला होता. त्यांनी तो पुसला नाही.