हिरामणनं धरलेली जागा

एक होतं गाव, आणि गावात एक भोळा माणूस होता. हिरामण त्याचं नाव. भोळे गावात आणखीही होते, पण ते स्वतःला शहाणे समजायचे. हिरामण तसा नव्हता. त्याला सांगाल ते तो ऐकायचा. तीच तर पंचाईत होती.

त्याची बायको तानूबाई. पस्तीस वर्षं तिनं बारा माणसांच्या भाकरी थापल्या. तिची इच्छा एकच. आठ दिवस पडून राहावं आणि कुणी हाक मारू नये.

लेक रोहिणी मेक्सिकोत दिलेली. जावई तिथं समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात आचारी. लेकीनं दोघांना आठ दिवस त्याच हॉटेलात बोलावलं.

"आई, तू नुसतं झोपायचं. आबा, तुम्ही तिला उठवायचं नाही."

"नाही उठवणार," हिरामण म्हणाला.

खोलीबाहेर दोन माडांना जाळीची झोळी बांधलेली. समुद्र इतका जवळ, की भरतीची लाट झोळीखाली यायची. तानूबाईनं चपला काढल्या, एक पाय झोळीत टाकला. तेवढ्यात खोलीतून पाण्याचा लोट बाहेर आला.

झालं होतं असं, की हॉटेलवाल्यांनी टॉवेलची घडी घालून पलंगावर पांढरा हंस करून ठेवला होता. हिरामणनं तो आंघोळीच्या टबात सोडला, नळ चालू ठेवला आणि समोर बसून राहिला.

"अहो, हे काय?"

"पोहेना गं. कोरड्यात राहून पाय आखडले असतील."

"तो टॉवेल आहे! टॉवेल दिसला की अंग पुसायचं, दुसरं काही नाही!"

"बरं."

तानूबाई संध्याकाळपर्यंत फरशी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी हिरामण समुद्रात डुंबून आला. वाळूत खुर्च्यांची रांग, खुर्चीखुर्चीवर टॉवेल. त्यानं पहिल्यानं डोकं पुसलं, दुसऱ्यानं पाठ, तिसऱ्यानं पाय. चौथ्याचा मालक, टोमॅटोसारखा लाल गोरा, ओरडत आला. तानूबाईनं झोळीतला पाय काढून परत चपलेत घातला.

"अहो, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना आपण? तसंच हे. ज्याचं फडकं त्याची जागा. तिथं दुसऱ्यानं बसायचं नाही."

"मग हे आधी नाही का सांगायचं!"

हे मात्र त्याला पक्कं कळलं. एसटीत जागा धरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो जेवणघरात गेला. बघतो तर टेबलाटेबलावर, प्रत्येक खुर्चीसमोर, हात पुसायचं फडकं घडी घालून ठेवलेलं. हिरामण दारात हात पसरून उभा राहिला.

"कुणी आत यायचं नाही! एकूणएक जागा धरलेली आहे!"

बाहेर भुकेल्या माणसांची रांग लागली. जावई हातात डाव घेऊन पळत आला, त्याच्यामागे त्याचा साहेब. तानूबाईचा पाय परत चपलेत.

"अहो, लोकांच्या जागा तुम्ही कशाला राखता? आधी जाऊन आपली धरावी आणि गप बसावं!"

"बरं."

चौथ्या दिवशी उजाडताच त्यानं सफाईवाल्या बाईची टॉवेलांची गाडी रिकामी केली. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खुर्ची सोडली नाही.

"तानू, आता तुला आवडेल तिथं पड!"

ती दुपारपर्यंत टॉवेलच्या घड्या करत होती.

"दुसऱ्याचा टॉवेल घ्यायचा नाही! आपलं उपरणं टाकायचं. एकदाच. आणि दोघांपुरतं!"

"बरं."

पुढच्या तीन दिवसांचं सांगत नाही, माझंच डोकं दुखतं. आठव्या दिवसापर्यंत तानूबाईचा दुसरा पाय काही झोळीत गेला नाही, एवढं समजून घ्या. बाईमाणसाच्या विसाव्यावर अख्ख्या जगाचा डोळा असतो, मग तो विसावा मेक्सिकोत का असेना.

निघायचा दिवस आला. रोहिणीनं दोघांचे पासपोर्ट आणि विमानाची तिकिटं बापाच्या हातात दिली. "आबा, जिवापाड जपा." हिरामणनं ती उपरण्याच्या टोकाला गच्च बांधली. तानूबाईनं एकदा वळून झोळीकडं पाहिलं.

रोहिणी गाडी आणायला गेली. इतक्यात फाटकासमोर एक जुनी बस येऊन थांबली. दाराशी हीऽ गर्दी. खिडक्या उघड्या.

हिरामणचे डोळे चमकले. आधी धरायची. आपलं उपरणं. एकदाच. दोघांपुरतं. त्यानं नेम धरला आणि फेकलं. गाठ जड होती, बरोबर बाकावर पडलं. तो दाराकडं वळेपर्यंत बस निघून गेली.

रोहिणी आली. "आबा, पासपोर्ट?"

"जागेवर आहेत."

"कुठल्या जागेवर?"

हिरामणनं लांबवर उडणारी धूळ दाखवली. "काळजी करू नकोस, पोरी. तिथं दुसरं कुणी बसायचं नाही."

बस सापडली, उपरणं सापडलं नाही. वकिलातीतून निरोप आला, नवे कागद व्हायला महिना लागेल, तोवर हलता येणार नाही. रोहिणीनं कपाळाला हात लावला. "आई, महिनाभर अडकलात की गं!"

जावयानं तीच खोली परत मिळवून दिली. झोळीपाशी आल्यावर तानूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आता एकच ऐका. या माडाखाली बसा आणि काहीऽही करू नका."

"बरं."

तिनं चपला काढल्या. एक पाय झोळीत टाकला. मग दुसरा.

भरतीची लाट आली आणि तिच्या चपला घेऊन गेली. हिरामण बघत बसला. त्यानं काहीही केलं नाही.

आता पाय परत घालायला चपलाच नव्हत्या. तानूबाई महिनाभर खाली उतरली नाही.